मांडवातला खर्ज

जयपूर शहराच्या वायव्य भागात, सीकरकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या बाजूस मुरलीपुरा नावाची वसाहत आहे. नावात मुरली असली, तरी लग्नसराईतल्या रात्री तेथे मुरलीचा सूर कानी पडणे कठीण. आपण जिला प्रबोधिनी एकादशी म्हणतो, ती ‘देवउठनी’ एकादशी पार पडली की राजस्थानात विवाहांना प्रारंभ होतो. भिंतीने वेढलेली मोकळी आवारे, ज्यांना तिकडे ‘मॅरेज गार्डन’ म्हणतात, दिव्यांनी उजळून निघतात. वरातीचा ब्रास बँड दाराशी थांबतो आणि आत रंगमंचावर दुसराच वाद्यवृंद उभा राहतो. त्यात गायक-गायिका, की-बोर्ड, बेस गिटार, ढोलक आणि ड्रम असतात. या वाद्यवृंदाचा आवाज शेकडो पाहुण्यांपर्यंत पोहोचविण्यासाठी ध्वनिक्षेपकांची जी यंत्रणा मांडली जाते, तिच्यातील खर्जाच्या भागाचा, म्हणजे सबवूफर नावाच्या मोठ्या पेट्यांचा, विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

उदाहरणादाखल असे एक आवार डोळ्यांसमोर आणू. रंगमंच १२ मीटर रुंद आहे. त्याच्या दोन्ही टोकांना दोन-दोन सबवूफर ठेवले असून त्यांवर उच्च स्वरांच्या पेट्या, ज्यांना या धंद्यातील लोक ‘टॉप’ म्हणतात, चढविल्या आहेत. कार्यक्रम सुरू झाल्यावर साउंडवाल्याकडे चार तक्रारी येतात. मधल्या रांगेत बसलेले म्हणतात, खर्ज छातीवर आदळतो. चार-पाच खुर्च्या सोडून बाजूला बसलेले म्हणतात, ढोल वाजताना दिसतो पण त्याचा धुमारा ऐकूच येत नाही. रंगमंचावरील गायिका म्हणते, मला माझाच आवाज ऐकू येत नाही, पायाखालची फळी मात्र थरथरते. मागल्या गल्लीतील एका घरातून निरोप येतो की, भिंतीवरच्या मांडणीतील भांडी वाजताहेत आणि आजारी माणसाला झोप नाही.

या चारही तक्रारी खऱ्या आहेत. त्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, म्हणून साउंडवाला गोंधळतो आणि नेहमीचा उपाय करतो. तो पुढच्या वेळी आणखी दोन पेट्या आणतो. त्यामुळे चारही तक्रारी पूर्वीपेक्षा तीव्र होतात. कारण दोष पेट्यांच्या संख्येत नव्हता, त्या कोठे ठेवल्या यात होता.

हे समजून घेण्यासाठी एकच गोष्ट मनात पक्की धरावी लागते. खर्जाची लहर आकाराने फार मोठी असते. हवेतून ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. (नेमका वेग तपमानावर अवलंबून असतो. १० अंश सेल्सियसला तो सुमारे ३३७ मीटर, तर ४० अंशांना सुमारे ३५५ मीटर असतो. आपल्या हिशेबाला ३४० पुरे.) एका सेकंदातील कंपनांची संख्या, म्हणजे कंप्रता, हर्ट्झ या एककात मोजतात. वेगाला कंप्रतेने भागले की एका लहरीची लांबी मिळते. १,००० हर्ट्झच्या स्वराची लहर ३४ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम हातभर, असते. ५,००० हर्ट्झला ती सुमारे सात सेंटिमीटर होते. आता खर्जाकडे वळू. १०० हर्ट्झला लांबी ३.४ मीटर भरते, ५० हर्ट्झला ६.८ मीटर आणि बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या मोकळ्या सुराला, जो सुमारे ४१ हर्ट्झचा असतो, ८ मीटरांहून अधिक. एक लहर म्हणजे एक अख्खी खोली, किंबहुना दोन खोल्यांचे घर.

हातभर लांबीची लहर खांबाला अडते, पडद्याने मंद होते, पेटीचे तोंड जिकडे असेल तिकडे जाते. घराएवढ्या लहरीला खांब, माणूस, मांडवाचे कापड यांची दखलही नसते. ती त्यांना वळसा घालून किंवा त्यांच्यातून पलीकडे निघून जाते. पेटीचे तोंड श्रोत्यांकडे आहे म्हणून खर्जही श्रोत्यांकडेच जातो, हा समज या धंद्यातील सर्वांत महागडा भ्रम होय. एकट्या सबवूफरमधून निघालेला खर्ज पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखाच पसरतो. रंगमंच आणि मागली गल्ली त्याच्या वाटेतच असतात.

आता पहिल्या दोन तक्रारी घेऊ. तळ्यात दोन खडे शेजारी-शेजारी टाकले की वर्तुळे एकमेकांत मिसळतात. काही ठिकाणी पाणी दुप्पट उचलले जाते, तर काही ठिकाणी स्तब्ध राहते. याला पदार्थविज्ञानात व्यतिकरण म्हणतात. रंगमंचाच्या दोन टोकांना ठेवलेले सबवूफर म्हणजे असेच दोन खडे होत. मधोमध बसलेल्या श्रोत्याला दोन्ही पेट्या सारख्याच अंतरावर असल्यामुळे दोन्ही लहरी एकाच क्षणी पोहोचतात आणि एकमेकींना बळ देतात. तो बाजूला सरकू लागला की एक पेटी जवळ येते, दुसरी दूर जाते. या दोन अंतरांतील फरक अर्ध्या लहरीएवढा झाला की एका पेटीची लहर हवेचा दाब वाढवीत असते, नेमक्या त्याच क्षणी दुसरीची तो घटवीत असते. बेरीज जवळजवळ शून्य. आपल्या उदाहरणात पेट्या १२ मीटर अंतरावर आहेत. ६० हर्ट्झच्या खर्जासाठी अर्धी लहर सुमारे २.८ मीटर येते. हिशेब केल्यास असे दिसते की, पेट्यांच्या रेषेपासून १५ मीटर मागे बसलेल्या रांगेत मध्यबिंदूपासून अवघ्या चार मीटरांवर हा ‘मुका’ पट्टा येतो. चार मीटर म्हणजे सहा-सात खुर्च्या. शिवाय प्रत्येक कंप्रतेचा मुका पट्टा वेगळ्या जागी असतो. त्यामुळे एका खुर्चीवर बेस गिटारचा एक सूर नाहीसा होतो आणि पलीकडच्या खुर्चीवर दुसरा. वादकाने कितीही नेटके वाजविले तरी त्या श्रोत्याला तो चुकतच आहे असे वाटते, हा वादकावर अन्यायच नव्हे काय?

वाचकाला याची प्रचीती घेणे सोपे आहे. श्रोते येण्यापूर्वी यंत्रणेवर ६० हर्ट्झचा एकच अखंड सूर मध्यम आवाजात लावावा आणि रंगमंचाला समांतर अशा रेषेत सावकाश चालत जावे. सूर वाढतो, विरतो, पुन्हा वाढतो. ज्याने एकदा ही फेरी मारली त्याला पुढील स्पष्टीकरणाची गरज उरत नाही.

उपाय असा की, पेट्या विभागून न ठेवता एकत्र आणाव्यात. चारही सबवूफर रंगमंचाच्या पुढे, मधोमध, जमिनीवर एकमेकांना चिकटून ठेवले की त्यांच्यातील अंतर लहरीच्या मानाने नगण्य होते आणि चार पेट्या एकाच मोठ्या पेटीसारख्या वागतात. मुके पट्टे बहुतांशी नाहीसे होतात. लाभही होतो. दोन सारख्या पेट्या जवळजवळ ठेवून सारख्याच जोराने चालविल्या की दाब दुप्पट होतो, म्हणजे आवाजाची पातळी ६ डेसिबलने वाढते. चार पेट्यांनी ती एका पेटीपेक्षा १२ डेसिबलने वाढते. विखुरलेल्या पेट्यांत हीच वाढ कोठे मिळते, कोठे उलट तोटाच होतो.

मध्यभागी नाचण्यासाठी जागा सोडली असेल किंवा वधूवरांच्या येण्याची वाट तेथूनच असेल, तर काय करावे? तर मग चारही पेट्या एकाच बाजूला ठेवाव्यात. हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो, कारण डोळ्यांना सममिती हवी असते. परंतु सुमारे ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे मोकळ्या आवारात, संगीताच्या गर्दीत कानाला फारसे ओळखता येत नाही. कान दिशा ठरवितो ती टॉपमधून येणाऱ्या वरच्या सुरांवरून. यजमान आग्रहाने म्हणालेच की दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत, तर दुसऱ्या बाजूला रिकामी पेटी ठेवून द्यावी. असे केल्याने कोणाचेही नुकसान झालेले नाही.

पेटीमागील भिंत हा दुसरा अदृश्य भागीदार. मॅरेज गार्डनला भिंत असतेच. सबवूफरचे तोंड मागच्या भिंतीपासून दीड मीटरवर असेल, तर मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून तीन मीटरांचा अधिक प्रवास करून परत येतो. तीन मीटर ही ५७ हर्ट्झच्या लहरीची बरोबर अर्धी लांबी होय. म्हणजे ढोलाच्या ठोक्याचा जो गाभा, तोच भिंत गिळून टाकते. पेटी भिंतीला अगदी टेकवली तर तोंड भिंतीपासून सुमारे ८० सेंटिमीटरवर येते आणि हा खड्डा १०६ हर्ट्झच्या आसपास सरकतो. तेथे सबवूफरचे काम संपलेले असते, त्यामुळे अपाय होत नाही. उलट भिंतीचा आधार मिळून आवाज वाढतो. तेव्हा पेटी भिंतीला चिकटवावी, नाही तर भिंतीपासून पुष्कळ लांब न्यावी. अधलेमधले अंतर सर्वांत वाईट, आणि सोयीमुळे निवडले जाते तेच.

पेट्या रंगमंचाच्या फळ्यांवर कधीही ठेवू नयेत. पोकळ व्यासपीठ म्हणजे मोठा डग्गाच. त्यावर ठेवलेली पेटी फळीला कंप देते, फळी मायक्रोफोनच्या दांडीला देते, मायक्रोफोन तो कंप पुन्हा पेटीकडे धाडतो आणि एक मंद, न थांबणारी घूं-घूं सुरू होते. गायिकेच्या तक्रारीचे अर्धे मूळ येथे आहे.

जागा ठरली की वेळ पाहावयाची. सबवूफर आणि टॉप यांच्यात काम वाटून देणाऱ्या उपकरणाला क्रॉसओव्हर म्हणतात. साधारणतः ८० ते १०० हर्ट्झच्या दरम्यान ही सीमा ठेवतात. सीमेच्या खालचे सबवूफरने, वरचे टॉपने वाजवावयाचे. परंतु सीमेच्या आसपासचे स्वर दोघेही वाजवितात. तेथे दोघांच्या लहरी एकाच क्षणी श्रोत्यापर्यंत आल्या पाहिजेत, अन्यथा पुन्हा तेच व्यतिकरण होते. ध्वनीला एक मीटर जाण्यास सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. सबवूफर रंगमंचाच्या दोन मीटर पुढे आणि टॉप मागे असतील, तर सबवूफरचा आवाज सहा मिलिसेकंद अगोदर पोहोचतो. कानाला हा विलंब म्हणून जाणवत नाही, पण ढोलाच्या ठोक्याची धार जाते आणि केवळ ‘बुड्’ असा ओला आवाज उरतो.

ही वेळ जुळविण्याची एक युक्ती आहे. तिला महागडी उपकरणे लागत नाहीत. श्रोत्यांच्या मध्यभागी, थोडे एका बाजूला उभे राहावे. क्रॉसओव्हर ९० हर्ट्झवर असेल तर ९० हर्ट्झचा सूर लावावा आणि त्या बाजूचा टॉप व सबवूफर, प्रत्येक एकटा, सारख्याच जोराने ऐकू येईल असे करावे. मग सबवूफरची जोडणी मुद्दाम उलटी करावी, म्हणजे धन तारेच्या जागी ऋण. आजच्या मिक्सरवर यासाठी एक बटणच असते. आता जी पेटी श्रोत्याला जवळ आहे तिचा विलंब थोडाथोडा वाढवीत जावे. एका ठिकाणी सूर एकदम खचतो, जवळजवळ नाहीसा होतो. हीच ती जागा. येथे दोन्ही लहरी तंतोतंत एकमेकींविरुद्ध आहेत. जोडणी पुन्हा सरळ केली की त्या तंतोतंत एकमेकींबरोबर येतात. सर्वांत मोठा आवाज शोधण्यापेक्षा सर्वांत खोल शांतता शोधणे कानाला फार सोपे जाते, म्हणून हा उलटा मार्ग. अर्थात मोजपट्टीने अंतर मोजून विलंब आधी अंदाजाने लावावा, नाहीतर एका पूर्ण आवर्तनाची चूक होऊन चुकीच्याच शांततेवर समाधान मानावे लागते.

याच वेळी चारही सबवूफर एकाच दिशेने जोडले आहेत ना, हे पाहून घ्यावे. दुरुस्तीला गेलेल्या केबलच्या तारा उलट्या डाखल्या जाणे ही नित्याची गोष्ट आहे. एक पेटी उलटी वाजत असेल तर ती दुसऱ्या एका पेटीला खाऊन टाकते. चार पेट्यांचे भाडे भरून दोनच पेट्या ऐकणारे वाद्यवृंद थोडेथोडके नाहीत.

आता त्या पेट्यांत काय घालावयाचे, हा प्रश्न. येथे थोडे विषयांतर करून आपल्या तबल्याकडे वळणे योग्य होईल. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी प्रकाशावरील ख्यातनाम शोधापूर्वी ध्वनीवर पुष्कळ काम केले होते. १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी एका सहकाऱ्यासह भारतीय चर्मवाद्यांविषयी एक टिपण प्रसिद्ध केले आणि १९३४ साली त्या विषयाचा विस्ताराने परामर्श घेतला. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत नसतात. म्हणून साधा ढोल ‘ध्वनी’ देतो, ‘सूर’ देत नाही. तबल्याच्या पुडीवरील शाईमुळे मात्र उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येतात आणि वाद्य सुरात बोलते. या उपस्वरांचे आपल्या विषयाशी जवळचे नाते आहे. मूळ स्वर क्षीण असला, तरी त्याच्या पटीतील उपस्वरांवरून मन तो स्वर ओळखून काढते. खिशातल्या रेडिओच्या तळहाताएवढ्या ध्वनिक्षेपकातून ४१ हर्ट्झ निघणे अशक्य, तरी बेस गिटारची चाल आपल्याला कळते ती यामुळेच. तात्पर्य, खर्ज ‘कळण्यासाठी’ केवळ सबवूफर पुरेसा नसतो. त्या वाद्याचे १०० ते ८०० हर्ट्झमधील उपस्वर टॉपमधून स्वच्छ निघाले पाहिजेत. बेस ऐकू येत नाही अशी तक्रार आली की सबवूफरची कळ फिरविण्यापूर्वी हे तपासावे. पुष्कळदा की-बोर्डवाल्याचा डावा हात त्याच पट्ट्यात घुटमळत असतो आणि बेस गिटारला झाकून टाकतो. त्याला डावा हात थोडा वर न्यावयास सांगणे हा बिनखर्चाचा इलाज आहे. मात्र तो सांगताना साउंडवाल्याने पोरसवदा वादकालाही ‘अहो-जाहो’ करावे, असे आमचे मत आहे.

सबवूफरमध्ये जावयाचे ते मोजकेच आवाज. पायाने वाजणारा मोठा ड्रम, बेस गिटार, ढोलकाची बायीं बाजू आणि की-बोर्डचा क्वचित एखादा खर्जाचा सूर एवढे पुरे. गायकांच्या मायक्रोफोनला खर्जाचे काम नाही. पुरुषाचा आवाजसुद्धा सामान्यतः १०० हर्ट्झच्या फारसा खाली जात नाही. उलट मायक्रोफोनमधून श्वासाचा फुत्कार, वाऱ्याचा झोत, दांडीला लागलेला पाय आणि फळीचा कंप एवढेच खाली उतरते. म्हणून मिक्सरवरील प्रत्येक गायकाच्या चॅनेलवर लो-कट लावावा आणि शक्य असल्यास सबवूफरला मिक्सरमधून स्वतंत्र वाट काढून द्यावी, जिच्यात वरील तीन-चार वाद्येच सोडावयाची. एवढे केले तरी गढूळ पाणी निवळावे तसा फरक पडतो. सर्वांत खालचा भाग, सुमारे ३० ते ३५ हर्ट्झच्या खालचा, सबवूफरमधूनही काढून टाकावा. छिद्र असलेली पेटी एका ठरावीक कंप्रतेपर्यंतच हवेच्या आधाराने शंकूला सावरते. तिच्या खाली शंकू निराधार होऊन नुसताच मागेपुढे धावतो, आवाज होत नाही, गुंडाळी मात्र तापते. पेटीचे आकारमान, छिद्र आणि शंकू यांचे हे गणित ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत सुव्यवस्थित मांडले. आजच्या प्रत्येक सबवूफरची रचना त्यावर उभी आहे.

किती मोठा आवाज ठेवावा, याचे उत्तर कानाच्या एका विचित्र स्वभावात आहे. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखविले की, आपला कान सर्व कंप्रतांना सारखा जागरूक नसतो. १,००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा सूर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटण्यासाठी ५० हर्ट्झच्या सुराला सुमारे ३५ डेसिबल अधिक लागतात. म्हणून खर्जाला मोठ्या पेट्या आणि अधिक वीज लागते. पण याची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. खर्ज एकदा ऐकू येऊ लागला की त्याचा मोठेपणा झपाट्याने वाढतो. वरच्या सुरात ३ डेसिबलचा फरक जेमतेम जाणवतो. ५० हर्ट्झला तोच फरक ठळक वाटतो. म्हणजे सबवूफर थोडासा कमी केला तरी शेजाऱ्याला पुष्कळ सुख मिळते. आणि विजेच्या दृष्टीने पाहता, दुप्पट शक्तीचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला तर केवळ ३ डेसिबल वाढतात. जे ६ डेसिबल पेट्या एकत्र आणून फुकट मिळतात, त्यासाठी चौपट शक्ती विकत घ्यावी लागते.

आता उरले मागल्या गल्लीतील घर. येथे प्रश्न केवळ संगीताच्या दर्जाचा राहत नाही.

साधारण वसाहतीतील एक खोली घेऊ, १२ फूट लांब आणि १० फूट रुंद. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जेव्हा बरोबर अर्धी लहर मावते, तेव्हा खोली त्या सुराला साथ देऊ लागते. बासरीच्या नळीत होते तेच येथे विटांच्या नळीत घडते. १२ फुटांच्या लांबीला हा सूर सुमारे ४६ हर्ट्झ येतो आणि १० फुटांच्या रुंदीला सुमारे ५६ हर्ट्झ. ढोलाचा आणि बेस गिटारचा मुक्काम नेमका याच पट्ट्यात असतो. गाणे, शब्द, की-बोर्ड हे सारे भिंती आणि बंद खिडक्या अडवितात. खर्ज आत शिरतो आणि खोली त्याला वाढविते. अंथरूण बहुधा भिंतीला लागून असते आणि दाब सर्वांत अधिक भिंतीपाशीच, त्यातही कोपऱ्यात. त्यामुळे आवारातील पाहुण्यांना गाणे ऐकू येते, तर त्या घरातील माणसाला नुसता ठोका. ठोक्याला गाण्याचा संदर्भ नसेल तर तो मनाला अधिक छळतो.

त्यात हिवाळ्याची भर पडते. जयपूरसारख्या कोरड्या हवेच्या प्रदेशात निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवाही गार होते आणि वरची हवा तुलनेने उबदार राहते. ध्वनी उबदार हवेत अधिक वेगाने जात असल्यामुळे वर चढलेली लहर वाकून पुन्हा खाली येते. दिवसा जो आवाज आकाशात विरून गेला असता, तो रात्री दूरच्या घरांवर उतरतो. पुण्याच्या गणेशोत्सवात लक्ष्मी रस्त्यावर कारण वेगळे असते. तेथे दोन्ही बाजूंच्या उंच इमारती आवाजाला निसटूच देत नाहीत. सातारा-कोल्हापूरकडे अशा भिंतीएवढ्या यंत्रणेला लोक ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये स्थापन केलेल्या प्रयोगशाळेची पहिली कीर्ती ध्वनिफितीवरील नको असलेला खरखराट कमी करण्यासाठी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे शब्दांच्या दैवगतीचे नवल वाटते.

कायदा काय सांगतो? ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाचा आवाज सभोवतालच्या मर्यादेहून १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. खाजगी जागेच्या सीमेवर ही सवलत ५ डेसिबलचीच आहे. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत बंदिस्त सभागृहाखेरीज ध्वनिक्षेपकास मनाई आहे. वर्षातील ठरावीक दिवशी, जास्तीत जास्त पंधरा दिवस, राज्य शासन मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. नियम चांगले आहेत. परंतु हे डेसिबल ‘ए’ मापनश्रेणीवर मोजले जातात. ही श्रेणी मंद आवाजातील कानाच्या स्वभावावर बेतलेली असल्यामुळे ती ५० हर्ट्झच्या आवाजातून ३० डेसिबल आणि ६३ हर्ट्झच्या आवाजातून २६ डेसिबल वजा करते. म्हणजे केवळ ५० हर्ट्झचा प्रत्यक्षात १०५ डेसिबलचा सूर मापकावर ७५ दाखवील. मापक हिरवा दिवा दाखवीत असतानाही मागल्या घरातील भांडी वाजू शकतात. तेव्हा मापकाकडे बोट दाखवून शेजाऱ्याला खोटे ठरविणे हे अज्ञान आहे.

सुदैवाने खर्जाला पाठ फिरवावयास लावणारी एक मांडणी आहे, आणि तिला तीन पेट्या पुरतात. तिघी एकावर एक किंवा शेजारी-शेजारी ठेवाव्यात. दोघींचे तोंड श्रोत्यांकडे, मधलीचे रंगमंचाकडे. या उलट्या पेटीची जोडणी उलटी करावी आणि तिला सुमारे अडीच ते तीन मिलिसेकंदांचा विलंब द्यावा, म्हणजे पुढच्या पेट्यांचा आवाज पेटीची खोली ओलांडून मागे येण्यास जेवढा वेळ लागतो तेवढा. आता मागच्या बाजूस काय घडते पाहा. पुढच्या पेट्यांची लहर वळसा घालून येते, त्याच क्षणी उलट्या पेटीची विरुद्ध लहर निघते आणि दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात. पुढच्या बाजूस मात्र उलट्या पेटीची लहर दुहेरी विलंबाने पोहोचते. तेवढ्यात आवर्तन पुढे सरकलेले असते, म्हणून तेथे ती विरोध न करता बरीचशी साथच देते. श्रोत्यांचा खर्ज जवळपास शाबूत राहतो. रंगमंचावरचा आणि मागल्या गल्लीतला स्पष्टपणे उतरतो. गायिकेला स्वतःचा आवाज परत मिळतो, आणि ती सुरात गाते तेव्हा साउंडवाल्याचीही वाहवा होते.

या मांडणीला मागे मोकळी हवा लागते. भिंतीपासून निदान एक मीटर अंतर हवे, नाहीतर भिंत सारा हिशेब बिघडविते. म्हणजे वर सांगितलेला भिंतीला टेकविण्याचा मार्ग आणि हा मार्ग एकत्र चालत नाहीत. भिंतीपलीकडे शेत असेल तर पहिला घ्यावा, घर असेल तर दुसरा. आणि आपल्या उदाहरणातील चौथी पेटी? ती टेम्पोतून उतरवूच नये.

संध्याकाळी पाचला सामान उतरले असे धरले, तर कामाचा क्रम सहज ठरतो. आधी आवाराभोवती एक फेरी मारून घरे कोठे आहेत, खिडक्या कोणत्या बाजूला आहेत ते पाहावे. पेट्यांची जागा त्यानंतर. मग जोडणीची दिशा, वेळ आणि सर्वांत शेवटी जोर. ड्रमवाल्याला पाच मिनिटे नुसता पायाचा ड्रम वाजवावयास सांगून साउंडवाल्याने मिक्सर सोडून चालत जावे. पहिली रांग, शेवटची रांग, जेवणाचा मांडव, मग फाटकाबाहेर पडून मागली गल्ली. तेथे एखाद्या दाराशी कोणी उभे असेल, तर त्यांना नमस्कार करून कार्यक्रम किती वाजता संपणार ते सांगावे आणि आत भांडी वाजताहेत का, हे विचारावे. वाजत असतील तर परत येऊन उलट्या पेटीचा विलंब अर्ध्या-अर्ध्या मिलिसेकंदाने पुढेमागे करावा आणि पुन्हा त्या दारापर्यंत जावे.